डावं बोंड

चिचटोली, ता. सिंदेवाही
२२ मार्च २०२५

चि. रंजीतास आजीचा जय भीम.

तुहं पार्सल काल भेटलं. डाकवाल्यानं पिशवीतून काढलं तवाच गावात बातमी गेली का अंजनाबाईच्या नातीनं पुन्याहून सोनं पाठवलं. फोडून पायलं त निंघाली बोंडं. तीन जोड, कापसाच्या कच्च्या बोंडाएवढी, दोरीले लटकलेली. समोरच्या घरचे गुणवंतराव ओट्यावर बसले होते. म्हने, "बाई, हे डूल होत का?" मी म्हटलं, "डूलच होत, फक्त कानाच्या आत घालाचे. म्हंजे चोराले दिसत नाई."

तू लिहिलं, फोनवर आपल्या गावचा आवाज फाटते, काई समजत नाई, म्हून पत्रच पाठव. बरं. पन पोरी, टावर आता शाळेच्या मागंच उभा केला. शेजारीन गुलाबचा पोरगा सुरतेहून बोलते त त्याच्या मागचं कुत्रं भुकते तेबी ऐकू येते. तुहाच आवाज बरा रस्त्यात अटकते! असो. नातीचा हुकूम, म्हून हर्षाले धरलं. हर्षा म्हंजे आपली आशाताई. माहं बीपी मोजाले येते, आता पत्रही लिहिते, दोन कप चहा घेते. शिकलेली बाई, मी "काऊन" म्हटलं का ही "का" लिहिते. वाचून दाखव म्हटलं, त त्यात माहं तोंडच नाई. मंग सांगतलं, माह्या तोंडातून निंघन तसंच लिही, शुद्ध कराचंच असन त विहिरीत पावडर टाक.

आता कामाचं. पार्सलातली ती गान्याची चिप हर्षाच्या मोबाइलात घातली आन एकच गानं तिन्ही बोंडांतून ऐकलं. तेच आपल्या जयंतीचं. बाई गाते, मागं ढोलकी, पायात घुंगरू.

लाल बोंडात बाई घागरीत तोंड घालून गाऊन राह्यली. ढोलकी एवढी मोठी का गानारीन तिच्याखाली दबून मेली. पोट्ट्यांले आवडन, मले नाई. पांढरं म्हंजे टिनावर गारा. "स" आला का दात आंबतात. काळं, ज्याची किंमत तू सर्वांत कमी लिहिली, त्याच्यात बाई मानसासारखी गाते. ढोलकी तिच्या मागं बसली, घुंगरू तिच्याच पायात राह्यलं, माह्या कानात घुसलं नाई. पन हेच काळं पहिल्यांदा पोचट वाजलं होतं. रबराची टोपी सैल होती. पाकिटातली मोठी टोपी चढवली, बोंड पिळून आत दाबलं, त ढोलकी भरली. म्हून सांगते, कोनाले नापास कराच्या आधी टोपी पायत जा.

हसू नको. सिंदेवाहीच्या बाजारात मडकं घ्याचं असलं का आपल्या टोलीच्या बाया मलेच घेऊन जातात. बोटाच्या सांध्यानं वाजवलं का मले भेग समजते, डोळ्याले दिसो का न दिसो. कुंभार मले पायलं का तोंड फिरवते.

तू विचारलं, डाव्या बाजूचं कमी वाजते का. नाई वाजत. लालाचं नाई, पांढऱ्याचं नाई, काळ्याचंही नाई. एकाच कागदावर तू तेच तीनदा काऊन विचारलं? हर्षाले वाटलं ती चुकून तीच ओळ पुन्हा वाचून राह्यली.

मोहा पडाले लागला. आम्ही पाच जनी रोज वेचाले जातो. बोंडं घरीच ठेवते. रानात कान उघडेच लागतात, नाईतर वाघ गानं संपायची वाट पायत नाई.

तुही आजी,
अंजनाबाई

•

हडपसर, पुणे
३१ मार्च २०२५

प्रिय आजी, जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा हसले. "टिनावर गारा" हे मी ऑफिसच्या कागदावर तसंच्या तसं लिहिलं. आमच्याकडे त्याला वरचे सूर बोचतात असं म्हणतात. साहेब म्हणाले, हे गारांचं चांगलं आहे. टोपीचंही तू बरोबर ओळखलंस. कानात नीट बसलं नाही की सगळ्यात आधी ढोलकीच पळते. हे शिकायला मला इथे सहा महिने लागले, तू एका चहात शिकलीस.

तू विचारायचीस ना, दिवसभर गाणी ऐकायचा कोणी पगार देतो का? देतात. बाहेरून स्वस्त इअरफोनचे नमुने येतात, दिवसाला वीसेक जोड. मी ऐकते आणि लिहिते, हा विकायला ठेवा, हा परत पाठवा. माझा कान पास म्हणाला तर पास. बाकी मला इथे कोणी ओळखत नाही, पण माझ्या कानाला ओळखतात.

म्हणूनच पुन्हा विचारते. माझ्याकडेही तसाच एक काळा जोड आहे, त्याची डावी बाजू दबलेली आहे, असं मला वाटतं. माझ्या शेजारी बसणारा अजय म्हणतो, तसं काही नाही. आमचं त्यावरून वाजलं. तू पुन्हा एकदा शांतपणे ऐक. एका बोंडावर एल आहे, ते डाव्या कानात घाल, आर असलेलं उजव्या. हर्षाताई दाखवतील.

मोहा वेचायला एकटी जाऊ नकोस.

तुझी,
रंजीता

हर्षाताई, इथून खालचं आजीला वाचून दाखवू नका. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून इथेच लिहिते. नऊ मार्चला सकाळी उठले तर डावा कान बंद होता, पाणी गेल्यासारखा. आत सतत शिट्टी वाजते. सर्दी असेल, मळ असेल असं वाटलं. मेडिकलमधून थेंब आणून घालते आहे. अजून उघडला नाही. तुम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरांना सहज विचाराल का, असं किती दिवस राहतं? इथे गेले तर ऑफिसला कळेल, आणि कानाची नोकरी आहे. आजीला सांगाल तर ती गाडीत बसून इथे येईल. तिनेच मला वाढवलं, मायबापाच्या मागे. तिला या वयात हा घोर नको. तुमच्या भरवशावर लिहिते आहे.

•

चिचटोली
९ एप्रिल २०२५

चि. रंजीतास आजीचा जय भीम.

तुहं पत्र चार तारखेले आलं. हर्षाले त्या दिवशी बाळंतीन घेऊन सिंदेवाहीले जाचं होतं, आज बसली लिहाले.

पुन्हा ऐकलं. आता तुह्यासंगं खरं बोलते, मागच्या बारीले मले एल आन आर काई माहीत नव्हतं. कोनतं डावं, कोनतं उजवं, दोन्ही बोंडं सारखीच काळी. मी कधी इकडचं तिकडं घातलं, कधी तिकडचं इकडं. या बारीले हर्षानं एल दाखवला. बसलेल्या कोंबडीसारखं अक्षर हाय. तसंही ऐकलं आन उलटंही ऐकलं. दोन्ही बारीले सारखं. गुलाबनं ऐकलं, गुणवंतरावानं ऐकलं. गुणवंतराव त म्हने का मले बैलाचं हंबरनंही एवढं साफ ऐकू येत नाई.

मंग तूच एक काम कर. उलटं घालून पाय. एल उजव्या कानात, आर डाव्या. दबलेला आवाज बोंडासंगं तिकडं गेला, त बोंड नासकं. आन तिथंच राह्यला, त मंग बोंडात खोट नाई. येवढं सोपं तुले सुचलं काऊन नाई? दिवसाले वीस जोड ऐकनारी तू, आन हे मडकेवाल्या बुढीनं सांगाचं?

आनखी एक. मले अक्षर येत नाई, पन कागद दिसते. तुहा कागद मांगच्या बाजूनं खालपर्यंत भरला होता. हर्षा अर्ध्यावर थांबली आन "तुझी रंजीता" म्हनून घडी घातली. चहा तसाच थंडा झाला, तिनं पिल्ला नाई. मी विचारलं, खाली काय लिहिलं? म्हने, पत्ता. पुन्याचा पत्ता एवढा लांब कवापासून झाला? हेबी लिही म्हटलं, त लिहून राह्यली, मान खाली घालून.

तुही आजी,
अंजनाबाई

(रंजीता, ही ओळ माझी. आजींना वाटतंय मी पाकिटावर पत्ता लिहिते आहे. आजींच्या जुन्या वहीतून नंबर काढून पत्र आल्या दिवसापासून तीनदा फोन लावला, तुम्ही उचलला नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अचानक बंद झालेल्या कानाला थेंब घालत बसायचं नसतं, पहिल्या पंधरवड्यातच औषध लागतं. पंधरवडा तर तुमचं पत्र येण्याआधीच गेला. तरी आज जा. ऑफिस बघू नका. मी आजींना खोटं बोलले, हे मला जमत नाही. — हर्षा)

•

पुणे
१९ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

घाईत लिहिते. तू सांगितलंस तसं उलटं घालून पाहिलं. दबलेला आवाज बोंडाबरोबर उजवीकडे गेला. म्हणजे माझ्याकडचा जोडच नासका निघाला, तुझ्याकडचा चांगला आहे. तेवढंच होतं. मागच्या कागदावर खाली हर्षाताईंच्या पोषण आहाराच्या कागदांबद्दल लिहिलं होतं, तुला कंटाळा आला असता.

जयंतीला इथे निळ्या झेंड्यांनी रस्ता भरला होता. स्पीकर एवढे मोठे की छाती हलत होती.

काम खूप आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
रंजीता

•

चिचटोली
३० एप्रिल २०२५

रंजीता,

तू खोटं बोलली.

जरा बसून ऐक. लाल बोंड एका कंपनीचं, पांढरं दुसऱ्या, काळं तिसऱ्या. हे तूच पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं. आन तू तिन्हींचं डावं विचारलं. तीन कुंभारांची मडकी एकाच जागी कशी तडकतील? तिन्ही जागी भेग दिसते त भेग पायनाऱ्याच्या डोळ्यात हाय. तुहं पत्र ऐकलं तवाच मले हे समजलं. हर्षाले म्हटलं, फोन लाव.

तू उचलला. आठवते? मी "रंजीता" म्हटलं. तू "हॅलो, हॅलो" म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा "हॅलो". मंग कपड्यावर घासल्याचा आवाज आला, तुहं कानातलं फोनले टिचकन लागलं, आन मंग तू म्हटलं, "हां आजी, बोल." तू कान बदलला. माही एकाहत्तरी उलटली, गुडघे गेले, डोळ्यात मोत्या उतरला. पन कान हायेत. तुह्या फोनचा घास मले ऐकू आला आन तुले माही हाक आली नाई. त्या पाच मिन्टांत तू एकबी गोष्ट उलटून विचारली नाई, नुसती "हो आजी, हो आजी" करत राह्यली.

फोन ठेवल्यावर मी हर्षाकडं पायलं. ती रडली. मंग मागचं पत्र काढून खालचं सर्व वाचलं. तिच्यावर रागवू नको. गावातल्या लेकरांचे कान तपासाले ती कॅम्पले नेते, आन तुही गोष्ट तिले पदरात बांधून बसा लागली. हेबी तीच लिहून राह्यली.

आता सांगते, मले एवढं भेव काऊन वाटते. सोमारी तुले आठवन. पांढऱ्या केसांची, हसली का पूर्ण अंगानं हसे. माही मोह्याची जोडीदारीन. तिचा एक कान लहानपनीच गेलता. दुसऱ्या कानानं सर्व ऐकू ये, गप्पा मारे, गाने म्हने. आम्ही विसरूनच गेलतो. मोह्याखाली आम्ही वाकून वेचत होतो, तवा वांदर ओरडला. तुले माहीत हाय तो आवाज, सर्व जनी एकाच वक्ती उभ्या राह्यल्या. आम्ही रस्त्याकडं पळालो. सोमारीनंही ऐकलं. तिले आवाज आला, पन कुठून आला ते समजलं नाई. एका कानाले दिशा समजत नाई, पोरी. ती उलट्या बाजूनं पळाली. वाघ तिकडंच होता.

मी हे तुले कधी सांगतलं नाई, तू लहान होती. आता तू पुन्याच्या रस्त्यावर चालते आन तिथं गाड्या मांगून येतात. वाघ त एक असते.

मी काय करू? गाडीत बसून येऊ त तुह्या दारात बसून काय करनार? तुह्या कानात फुंकर घालू? मले काईच समजून नाई राह्यलं. तू दवाखान्यात जाय. हे पत्र भेटलं का त्याच दिवशी जाय. हर्षा म्हनते पत्राले दहा दिवस लागतात. फोन त तू आता उचलतच नाई. मंग मी काय पाठवू? पत्रच पाठवते.

आजी

•

पुणे
१४ मे २०२५

आजी,

तुझं पत्र आठ तारखेला मिळालं. त्याच दिवशी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले. सोमारीआजीचं पुन्हा पुन्हा वाचत बसले.

मोठा दवाखाना आहे. एका काचेच्या खोलीत बसवतात. दार लावलं की बाहेरचं जगच उरत नाही. कानावर मोठे हेडफोन चढवले. आजी, एवढे चांगले हेडफोन मी आयुष्यात घातले नव्हते. माझी सवय, मी आधी त्यांची गादी चाचपली, वायर पाहिली, मनात नंबर दिला. बाई म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. उजव्या कानाला सुरू झालं. अगदी मुंगीच्या पायाएवढा आवाजसुद्धा मी सोडला नाही. त्या बाई काचेतून माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. मग थांबलं. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. वाट पाहिली. मला वाटलं, डाव्याचं अजून सुरू व्हायचंय. मी हात करून विचारलं, "सुरू करा ना?" बाईंनी आतला माइक लावला आणि म्हणाल्या, "मॅडम, डाव्याचं संपलं."

डॉक्टर म्हणाले, कानाच्या नसेचं आहे. असं कधी कधी होतं, कारण सापडत नाही. सर्दी नव्हती, मळ नव्हता, आणि मी महिनाभर थेंब घालत बसले. पहिल्या पंधरा दिवसांत आला असतात तर काही हाती लागलं असतं, दोन महिन्यांनंतर अवघड आहे, म्हणाले. गोळ्या दिल्या आहेत. आणि म्हणाले, करायचं म्हणून करू, पण फार आशा ठेवू नका. मशीन लावूनही त्या बाजूला उपयोग होईल असं वाटत नाही, म्हणाले.

आता खरं सांगते. तू उलटं घालून बघ म्हणायच्या आधीच मी बघितलं होतं. मार्चमध्येच. दबलेला आवाज तिथेच राहिला होता, माझ्या डावीकडे. मला माहीत होतं, आजी. तरी तुला तीन जोड पाठवले. वाटलं, तू एकदा तरी म्हणशील की हो गं, डावं कमीच वाजतं. तू म्हणाली असतीस तर मी तुझं ऐकलं असतं आणि माझ्या कानाला खोटं पाडलं असतं. मला तेवढंच हवं होतं. तू नाही म्हणालीस.

मार्चपासून मी सहा नमुन्यांवर लिहिलं, "डावी बाजू दबलेली, परत पाठवा." ते चांगले होते. ऑफिसमध्ये काल सगळं सांगितलं.  अजयनं माझ्या टेबलावरची नमुन्यांची पेटी उचलली आणि आपल्या टेबलावर ठेवली, अगदी हळू. मला वाटतं मला आवाज होऊ नये म्हणून. साहेबांनी मला आता डब्यांवरचा मजकूर लिहायचं काम दिलं आहे. पगार तोच आहे. उद्यापासून मी न ऐकताच "दमदार आवाज" असं लिहीन.

तू येऊ नकोस. येऊन करण्यासारखं काही नाही. पण तू मला सांग, मी काय करू? तू नेहमी काही तरी सांगतेस.

रंजीता

•

चिचटोली
२६ मे २०२५

चि. रंजीतास आजीचा जय भीम.

तुहं पत्र हर्षानं या बारीले सर्व वाचलं. मांगची बाजूही वाचली, घडी घातली नाई.

डॉक्टर म्हने का आशा ठेवू नका. मी म्हटलं, आमच्या टोलीत आशा एकच हाय, ती माह्यासमोर बसून पत्र लिहून राह्यली आन तिले सरकारचं मानधन तीन महिन्यांपासून भेटलं नाई. हर्षा हसली. मलेही बोलून गेल्यावर समजलं का हसाची गोष्ट नव्हती.

तू विचारलं काय करू. मले माहीत नाई. मी रोज सकाळी हर्षाले बलावते, लिही म्हनते, आन काई सुचत नाई. तीन दिवस ती कोरा कागद घेऊन परत गेली. चौथ्या दिवशी म्हने, आजी, तुमची जीभ कुठं गेली? मी म्हटलं, पुन्याले गेली, पत्ता लांब हाय.

तुले वाटलं असन का मी तुह्या मनासारखं बोलली असती त तू वाचली असती. मी "हो, कमी वाजते" म्हटलं असतं त तू आनखी दोन महिने बोंडाले दोष देल्ला असता. मी खरं बोलली. तरी तुहा कान गेलाच. खरं बोलून फायदा झाला नाई आन खोटं बोलून झाला नसता, मंग मानसानं बोलाचं तरी कशाले? हे मी हर्षाले विचारलं. ती म्हने, हे लिहू का? मी म्हटलं, लिही.

आता एक सांगते, रागवू नको. काल सकाळी मी कापसाचा बोळा केला आन डाव्या कानात ठासून भरला. वरून फडकं बांधलं. म्हटलं, पाहू त खरं पोरीचं कसं होते. गुलाबनं हाक मारली. मी उजवीकडं पायलं, कोनी नाई. मांगं पायलं, कोनी नाई. ती माह्या डाव्या हाताले होती, दोन पावलावर, हसून राह्यली. म्हने, अंजनाबाई, भूत पायलं का? चुलीवर भात होता, ऊत जाऊन विस्तव विझला तरी मले समजलं नाई. बाहेर निंघाली त गुणवंतरावाचा गोऱ्हा डावीकडून आला आन मले ढुसनी देऊन गेला. पडली नाई, भिंत होती. पन त्यानंतर मी अंगनातच बसली, जागची हलली नाई. चारही बाजूनं लोकं बोलत होते आन सर्व एकाच बाजूनं बोलत होते. असं वाटे का कोनी अर्ध्या जगावर गोधडी टाकली. दुपार झाली तवा मले राहावलं नाई, डोळ्यात पानी आलं, बोटानं कोरून कोरून बोळा काढला.

काढला आन लगेच सर्व उघडलं. चिमन्या, भांडी, गुलाबची बडबड, सर्व आपापल्या जागी जाऊन बसलं.

मी काढला, रंजीता. तुले काढता येत नाई.

 हर्षा विचारून राह्यली, आनखी काई लिहाचं? म्हटलं, नाई. नाव टाक.

अंजनाबाई